लोखंडी इमारतीत झाडू कोण मारत होतं?

मुंबईत काळा घोडा भागात महात्मा गांधी रस्त्यावर एक जुनी, पडायला आलेली इमारत आहे. सरकारी कागदावर तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. जुन्या पुस्तकांत वॉटसन्स हॉटेल. आमची आई तिला 'लोखंडी बिल्डिंग' म्हणते. आई बावीस वर्षं फोर्टातल्या दुसऱ्या एका इमारतीत ऑफिसं झाडायला जात होती आणि ही इमारत तिच्या रोजच्या वाटेवर होती. तिचं नाव आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण इतर इमारती दगडाच्या आणि ही लोखंडाची, एवढं तिने स्वतःच पाहिलं होतं. आणि तेच या इमारतीचं खरं वैशिष्ट्य आहे.

या इमारतीवर दरवर्षी कुठे ना कुठे लेख येतो. कसं वैभव होतं, कोण कोण पाहुणे उतरले होते, आता कशी दशा झाली, असं लिहून लेखक उसासा टाकतो. आम्हाला उसासा टाकायचा नाही. आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो प्रश्नही आमचा नाही. तो आमच्या वस्तीतल्या दहावीच्या एका मुलीचा आहे.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावून झाल्यावर पुढच्या रविवारी आम्ही अभ्यासिकेतली चौदा मुलं-मुली घेऊन फोर्ट बघायला गेलो होतो. सीएसएमटीला उतरलो आणि चालत निघालो. वाटेत डी. एन. रोडवर सिद्धार्थ कॉलेजचं बुद्ध भवन दाखवलं. पुढे काळा घोड्याला आलो तर लोखंडी बिल्डिंगसमोर एक हेरिटेज वॉक थांबलेला. पंचवीस-तीस लोक, गळ्यात कॅमेरे. गाईड सांगत होता की हे हॉटेल फक्त गोऱ्यांसाठी होतं, एकाही भारतीयाला आत पाऊल टाकता येत नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. आमची मुलंही कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात ही मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "ताई, एकाही भारतीयाला आत जाता येत नव्हतं, तर झाडू कोण मारत होतं?"

गाईडने ऐकलं आणि हसला. आम्हाला हसता आलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं, वगळणुकीवर प्रबंधिका लिहिली, आणि हा साधा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नव्हता.

इमारत आली कुठून

आधी इतिहास नीट पाहू. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि बाहेरच्या एस्प्लनेड मैदानावरचे भूखंड लिलावात निघाले. १८६४ मध्ये त्यातला एक भूखंड जॉन हडसन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने घेतला. त्याला दुकान काढायचं होतं, पुढे बेत बदलला आणि हॉटेल झालं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताच्या कामात ज्याचा हात होता, तोच हा ऑर्डिश. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये डर्बीच्या कारखान्यात ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि इथे एकमेकांना जोडून पाच मजली सांगाडा उभा राहिला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. खोल्या सुमारे १३०. बिडाच्या सांगाड्याची अशी भारतात उभी असलेली ही सर्वांत जुनी इमारत मानली जाते.

आता सालांकडे बघा. १८६४ साली मुंबईत भूखंडांना एवढा भाव का होता? कारण अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. १८६१ ते १८६५. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. गिरण्यांना कापूस तर हवाच होता. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबई बंदरातून जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या निघाल्या, शेअरचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. वॉटसनने भूखंड घेतला तो याच तेजीत. म्हणजे काळ्या गुलामांनी पिकवलेला कापूस बंद पडला, म्हणून आमच्या शेतकऱ्याने आणि शेतमजुराने पिकवलेला कापूस महागला, आणि त्या पैशावर हे शहर नव्याने बांधलं गेलं. हेरिटेज वॉकमध्ये हा पैसा कुठून आला ते सांगत नाहीत. लोखंड डर्बीहून आलं एवढंच सांगतात.

त्याच काळात पुण्यात एक माणूस अमेरिकेतल्या त्या युद्धाकडे वेगळ्या नजरेने बघत होता. हॉटेल सुरू झालं १८७१ ला आणि दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. एकाच युद्धातून मुंबईच्या व्यापाऱ्यांना तेजी दिसली आणि तात्यासाहेबांना शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट दिसली. कोण कशाकडे कुठे उभं राहून बघतं, यावर काय दिसणार हे ठरतं. समाजशास्त्राच्या वर्गात हे आम्हाला दोन तास शिकवलं होतं. तात्यासाहेबांनी ते अर्पणपत्रिकेतच सांगून टाकलं होतं.

एक थप्पड

या हॉटेलच्या पाहुण्यांत सगळ्यांत जास्त मिरवला जातो तो अमेरिकन लेखक मार्क ट्वेन. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत आला होता. त्याने खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्यांविषयी लिहिलंय, ते सगळे सांगतात. पण त्याच प्रवासाच्या पुस्तकात, १८९७ च्या, त्याने हॉटेलातला आणखी एक प्रसंग लिहिला आहे. तो फारसा कुणी सांगत नाही.

ट्वेनला खोलीवर सोडायला एक धिप्पाड जर्मन माणूस आला. सोबत तीन देशी नोकर. गॅलरीच्या काचेच्या दाराचं काही काम होतं, म्हणून एक नोकर गुडघ्यावर बसून ते करू लागला. जर्मनाला ते पसंत पडलं नाही. काय चुकलं हे सांगण्याआधी त्याने त्या नोकराच्या जबड्यावर एक लगावली आणि मग चूक सांगितली. नोकराने तोंडातून शब्द काढला नाही. ट्वेन लिहितो की असं काही त्याने पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला एकदम लहानपण आठवलं. तो गुलामगिरीच्या मुलखात, मिसुरीत वाढलेला. गुलामाला आपलं म्हणणं समजावून सांगायची तिथे हीच रीत होती, हे त्याला त्या थपडेने आठवलं.

म्हणजे ज्या गुलामगिरीच्या युद्धातून या इमारतीचा पैसा उभा राहिला, तीच गुलामगिरी एका गुलामांच्या मुलखातल्या माणसाला या शहराच्या हॉटेलात दिसली. आणि त्याच पानांवर आमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही आहे. भारतीय आत होते. गुडघ्यावर बसलेले होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत होते. दार त्यांच्यासाठी बंद नव्हतंच.

ट्वेन भला माणूस होता, त्याला लाज वाटली, हे खरं. पण पुढचंही वाचा. मुंबईत त्याने जो नोकर ठेवला त्याचं नाव त्याला पसंत पडलं नाही, म्हणून त्याने त्याचं नाव बदलून 'सैतान' ठेवलं. प्रेमाने, गमतीने. थप्पड दिसली, पण माणसाचं नाव पुसणं ही देखील तीच रीत आहे हे त्याला दिसलं नाही. आमच्या आज्या-पणज्यांची नावं धोंडी, कचरू, दगडू, उकिरडा कशी पडली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाचा भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. आठवडाभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे मग चार आण्यांपासूनची तिकिटं निघाली. पहिल्या खेळात दाखवलेल्या छोट्या फितींत एक होती 'कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार'. याचा अर्थ पाहा. पडद्यावर कामगार होते, खुर्च्यांवर साहेब होते. तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांतून सुटणाऱ्या हजारो कामगारांना एक रुपया परवडणारा नव्हता. कामगार बघायची वस्तू म्हणून चालत होता, बघणारा म्हणून नाही.

अपमानाची दोन उत्तरं

वॉटसन्स हॉटेलची सर्वांत लाडकी कथा म्हणजे जमशेटजी टाटांची. त्यांना या हॉटेलच्या दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानाचं उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधलं, असं सांगतात. या कथेला भक्कम पुरावा नाही, अनेक अभ्यासकांनी ती दंतकथा म्हणून बाजूला ठेवली आहे. ताज मात्र १९०३ च्या डिसेंबरात खरोखरच उघडलं आणि वॉटसनची रया गेली, हे खरं आहे.

आम्हाला कथा खरी की खोटी यापेक्षा ती लोकांना इतकी आवडते का, हे महत्त्वाचं वाटतं. आवडते, कारण तिच्यात अपमानाचं उत्तर पैशाने देता येतं. तुम्ही मला आत घेतलं नाहीत, मी तुमच्यापेक्षा मोठं दार बांधलं. ऐकायला छान आहे. पण हे उत्तर ज्याच्याकडे भांडवल आहे त्याचं आहे. ताज उघडल्यावर भारतीय धनिकाला आत जाता आलं. झाडू मारणारा पूर्वी वॉटसनमध्ये मारत होता, आता ताजमध्ये मारू लागला. त्याच्यासाठी फक्त मालक बदलला.

आता दुसरी कथा. हिला दंतकथेचा आधार लागत नाही, कारण ज्याच्यावर गुदरली त्याने ती स्वतः लिहून ठेवली आहे.

लोखंडी बिल्डिंगच्या रांगेतच, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि डेव्हिड ससून लायब्ररी ओलांडली की एल्फिन्स्टन कॉलेज. बाबासाहेब तिथे बी.ए.ला होते. परळच्या चाळीतून येणारा, बडोद्याच्या महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी. कॉलेजच्या आवारात चहाचं हॉटेल चालवणारा ब्राह्मण त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे, हे धनंजय कीरांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. एका रांगेतल्या दोन इमारती घ्या. एका ठिकाणी गोरा माणूस देशी माणसाला पाहुणा मानत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी देशी माणूस देशी माणसाला पाणी देत नव्हता. हेरिटेजवाले पहिल्या दाराबद्दल चिडून बोलतात. दुसऱ्या दारासमोरून जाताना ते कमानी आणि नक्षी दाखवतात.

१९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून आले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारणार. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कुस्ती नाही हे व्यवस्थापकाच्या लक्षात आलं. शेवटी पारशी नाव वहीत लिहायचं आणि रोज दीड रुपया द्यायचा, असं ठरलं. कोलंबियात शिकलेला माणूस, आणि एका अंधाऱ्या, अडगळ भरलेल्या माळ्याशेजारच्या खोलीत दुसऱ्याच्या नावाने राहत होता. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. मित्रांकडे विचारून झालं, जागा मिळाली नाही. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे.

हा पारशी समाजावर ठपका नाही. नवल भथेना हा बाबासाहेबांचा पारशी मित्रच त्यांच्या पुढच्या लंडनच्या शिक्षणात मदतीला उभा राहिला. मुद्दा असा की जातीचं विष हिंदूंच्या घरापुरतं थांबलं नाही, ते या देशातल्या प्रत्येक धर्माच्या उंबरठ्यापर्यंत गेलं. बाबासाहेबांनीही त्या प्रसंगातून हेच अनुमान काढलं.

मग त्यांनी या अपमानाचं उत्तर काय दिलं? त्यांनी हॉटेल बांधलं नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. धर्मशाळा हा शब्द त्यात होता. ठराव कागदावर राहिला म्हणून १९२७ ला महाड झालं. आणि त्यानंतर संविधानाचं कलम १५. त्याचा दुसरा खंड वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागी जाण्यापासून अडवता येणार नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांनाही तेच लागू. मूलभूत हक्कांची कलमं बहुतेक करून सरकारला बांधतात. हा खंड हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसालाही बांधतो. संविधानात 'हॉटेल' हा शब्द उगाच आलेला नाही. तो बडोद्याच्या माळ्यावरून आला, एल्फिन्स्टनच्या चहाच्या टपरीवरून आला, आणि लाखो माणसांच्या न लिहिलेल्या आठवणींतून आला.

एक उत्तर स्वतःपुरतं दार बांधतं. दुसरं उत्तर सगळ्यांसाठी दाराचा नियम बदलतं. शाळेच्या पुस्तकात पहिलं उत्तर प्रेरणादायी गोष्ट म्हणून येतं. दुसरं नागरिकशास्त्राच्या पाठात, दोन गुणांसाठी.

आमचं दार

इथवर आम्ही जे लिहिलं ते पुस्तकातलं होतं. आता आमचं सांगतो. हे सांगायला आम्हाला तीन वर्षं लागली.

एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघं सर्वेक्षणाला गेलो होतो. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली. स्टँडजवळ एक लॉज होता. गल्ल्यावरच्या माणसाने आधार कार्ड मागितलं. हातात घेतलं, आडनाव वाचलं. मग म्हणाला, "गाव कुठलं तुमचं?" सांगितलं. "नाही, म्हणजे गावात राहता कुठे?" या प्रश्नाचा अर्थ आम्हाला आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांना नीट कळतो. आम्ही उत्तर दिलं नाही. त्याने कार्ड परत केलं आणि म्हणाला, "रूम फुल आहेत." त्याच्या पाठीमागे लाकडी फळीवर आठ-नऊ किल्ल्या लटकत होत्या.

आम्ही कलम १५ पाठ असलेली माणसं. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आम्ही वस्तीत शिकवतो. आम्ही काय केलं? "बरं" म्हणालो आणि बाहेर पडलो. रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली. सहकारी म्हणाला, "तक्रार करू." आम्ही म्हणालो, "सकाळी काम आहे." सकाळी काम होतं हे खरं. पण ते कारण नव्हतं. कारण असं होतं की पोलीस ठाण्यात जाऊन तो प्रश्न, गावात राहता कुठे, पुन्हा एकदा मोठ्याने सांगावा लागला असता.

लोखंडी बिल्डिंगसमोर त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा आम्हाला त्या फळीवरच्या किल्ल्या आठवल्या. या मुलीला आम्ही संविधान शिकवतो. उद्या ती कुठल्या तरी गल्ल्यासमोर उभी राहील. तेव्हा तिला आमचं शिकवणं आठवेल की आमचं "बरं" आठवेल?

घरी आल्यावर आईला मुलीचा प्रश्न सांगितला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झाडणाऱ्याला कुठं मनाई असते? मनाई बसणाऱ्याला असते." मग तिने तिच्या कामाच्या जागेची एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. तिच्या चहाचा कप तिथे खिडकीत वेगळा ठेवलेला असे. सगळ्या खुर्च्या ती पुसायची, आणि बावीस वर्षांत एकाही खुर्चीवर ती बसली नाही. कुणी बसू नको म्हणालं नव्हतं. "म्हणायला लागतंच कशाला?" आई म्हणाली.

वगळणुकीची याहून नेमकी व्याख्या आम्ही कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली नाही. वर्णव्यवस्थेने आम्हाला कधी बाहेर ठेवलेलं नाही. तिला आमची आत गरज होती आणि आहे. तिने आम्हाला आत, खाली, गुडघ्यावर ठेवलं. 'प्रवेश नाही' ही पाटी वरच्या दोघांमधलं भांडण आहे. आमच्यासाठी पाटी लावावी लागत नाही.

पडू द्यायची की राखायची

हॉटेल बंद पडल्यावर इमारतीचं नाव बदललं. आधी महेंद्र मॅन्शन, मग एस्प्लनेड मॅन्शन. मोठ्या खोल्यांत फळ्यांच्या भिंती घालून छोटे गाळे निघाले. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांची ऑफिसं आली. टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, आणि संसार थाटलेली कुटुंबंही. गोऱ्यांच्या हॉटेलात शेवटी मुंबईची सामान्य माणसं राहिली. भाडं जुनं, दुरुस्ती कुणीच करत नव्हतं. २००५ मध्ये जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत हिचं नाव आलं, आणि त्याच पावसाळ्यात सज्ज्यांचा भाग कोसळून एक माणूस मेला. २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर भाडेकरूंना बाहेर काढलं. पाडावी की राखावी यावर तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेले.

आमच्यातही वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "गुलामीच्या पैशातून उभी राहिली, पडू द्या. आपल्या बापजाद्यांच्या चाळी पडतात तेव्हा कुणी यादी करतं का?" त्याचं दुःख खरं आहे. आमच्या वस्तीला पाडायची नोटीस येते तेव्हा वारसा वगैरे शब्द कुणाला सुचत नाही.

तरी आम्ही त्याच्याशी सहमत नाही. इमारत पडली तर तिच्याबरोबर पुरावाही पडेल. आणि आमच्या लोकांकडे पुरावा आधीच कमी आहे. बडोद्याच्या त्या धर्मशाळेची गोष्ट आपल्याला कळली, कारण बाबासाहेबांनी लिहिली. ज्याला थप्पड बसली तो लिहू शकला नाही, त्याची गोष्ट एका परदेशी पाहुण्याच्या पुस्तकात चार ओळीत राहिली, नावाशिवाय. म्हणून आमचं म्हणणं असं आहे की ही इमारत राखा, पण तिचा इतिहास पूर्ण सांगा. कापूस कुठून आला ते सांगा. दारावर दगडी पाटी लावाल तेव्हा मार्क ट्वेनच्या नावाखाली त्या दाराशी गुडघ्यावर बसलेल्या माणसाचीही ओळ लिहा. आणि रांगेतल्या एल्फिन्स्टन कॉलेजसमोर उभे राहाल तेव्हा नक्षीबरोबर त्या न मिळालेल्या पाण्याबद्दलही बोला. पूर्ण सांगायचा नसेल तर तो वारसा नाही, ती जाहिरात आहे.

आणि आमच्यापुरतं आम्ही एक ठरवलं आहे. येत्या २० मार्चला हीच चौदा मुलं-मुली घेऊन आम्ही महाडला चाललो आहोत. रात्री मुक्काम आहे. मागच्या वेळी ओळखीच्या नावावर खोल्या घेतल्या होत्या, त्रास नको म्हणून. या वेळी त्या मुलीने फोन लावला. पलीकडून नाव विचारलं तेव्हा तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं आणि आडनावासकट, आणि समोरच्याने ते लिहून घेईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "लिहिलंत? आता बाकीची तेरा सांगते."

नाव लिहून घेतलं आहे. पोहोचल्यावर किल्ल्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या, तर या वेळी सकाळी दुसरं कुठलंही काम ठेवलेलं नाही.

जय भीम.